पुढच्या डिस्क ब्रेकची एअर काढताना : माझा अनुभव

पुढच्या ब्रेकचा होज पाइप (ब्रेक ऑइल नेणारी नळी) बदलल्यावर माझ्या मोटरसायकलचा ब्रेक लिव्हर मऊ पडला. एकदा दाबला की जवळजवळ मुठीला टेकायचा. भराभर तीन-चार वेळा मारला की वर यायचा आणि थोडा वेळ सोडला की पुन्हा खाली. पाइप नुकताच बदललेला, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये एअर (हवा) असणार हे उघड होतं. तरीही पाना हातात घेण्याआधी चाक तपासलं, कारण पंप मारून वर येणाऱ्या लिव्हरला आणखी एक कारण असतं. चाकाचं बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क वाकलेली असेल तर फिरणारी डिस्क कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन मागे ढकलते. मग पुढच्या वेळी पॅड डिस्कला टेकेपर्यंतच लिव्हरचा अर्धा प्रवास संपतो. अशा गाडीची कितीही एअर काढा, काही अंतर चालवली की लिव्हर पुन्हा खाली. पुढचं चाक उचलून दोन्ही हातांनी धरून हलवलं, खेळ नव्हता. चाक फिरवून डिस्ककडे पाहिलं, तीही सरळ. म्हणजे एअरच.

ब्लीडिंगच्या, म्हणजे एअर काढण्याच्या, आधी लिव्हरचं ऐकून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा सिलिंडर) सील आतल्या आत ऑइल सोडतंय. तिथे सील किट लागतं. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडवर ऑइल किंवा ग्रीस लागलंय, पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा पिस्टन अडकलेत. लिव्हर सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर सरकत्या कॅलिपरच्या पिना सुकल्यात, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र बुजलंय. हे छिद्र हँडलवरच्या ऑइलच्या टाकीच्या तळाशी असतं, सुईच्या टोकाएवढं. गरम होऊन फुगलेलं ऑइल तिथूनच टाकीत परत येतं. ते बंद असेल तर ब्रेक आपोआप लागत जातो. लिव्हरला थोडी मोकळी चाल हवी ती याचसाठी, नाहीतर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलंच राहतं.

सामान फार लागत नाही: डॉट ४ ग्रेडच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, ८ मिमीचा रिंग पाना (काही कॅलिपरना १० चा लागतो), निपलवर (एअर काढायचा कॅलिपरवरचा पोकळ स्क्रू) घट्ट बसणारी पारदर्शक नळी, काचेची बाटली, चिंध्या आणि पाण्याची बादली. पाणी जवळ हवंच. ऑइल रंगावर पडलं की रंग सुटतो, आणि लगेच भरपूर पाण्याने धुणं हाच उपाय. नुसतं पुसून भागत नाही. पुढची एक डिस्क असेल तर सगळं जुनं ऑइल काढून नवं भरायला २५० मिली पुरतं. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड छापलाय तोच घ्यावा. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच जातीचे, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते यांत कधीच मिसळायचं नाही. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, मात्र हवेतली ओल शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उताराच्या रस्त्यावर सतत ब्रेक मारताना अशा ऑइलची वाफ होते आणि लिव्हर एकदम रिकामा पडतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि उघडी पडून राहिलेली बाटली वापरायची नाही.

हँडल असं वळवलं की टाकी आडवी राहील. झाकणाच्या स्क्रूची डोकी मऊ असतात, त्यामुळे नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी हलका ठोका दिला आणि मग फिरवलं. टाकीतलं काळपट ऑइल सिरिंजने उपसलं, तळाचा गाळ चिंधीने टिपला आणि नवं भरलं. पाना आधी निपलवर चढवला, नळी त्यानंतर. नळी आधी वर नेऊन मग बाटलीत सोडली आणि तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवलं.

क्रम असा: लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा उघडायचं, लिव्हर खाली जाऊ द्यायचा, निपल बंद करायचं, आणि मगच लिव्हर सोडायचा. शेवटच्या दोन गोष्टी उलट झाल्या की हवा परत आत. लिव्हर सावकाश चालवावा. घाईघाईने पंप मारला की मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो आणि तो निघायला जास्त वेळ खातो. जुन्या गाडीत मी लिव्हर आणि मुठीच्या मध्ये लाकडाचा तुकडा ठेवतो. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या शेवटच्या भागात जातच नाही. तिथे गंज साठलेला असतो, आणि लिव्हर पूर्ण दाबला की चांगलं सील त्यावर घासून फाटतं. ब्लीडिंगनंतर मास्टर सिलिंडर गेला अशी तक्रार येते, ती बऱ्याचदा याचमुळे. टाकीवर सतत नजर हवी. ती छोटी असते, आणि एकदा तळ उघडा पडला की सगळं पहिल्यापासून.

नळीतून आधी चहासारखं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. तरीही लिव्हर मऊच. पाइप बदलल्यावर बहुतेकजण इथेच अडकतात. हवा वर चढते, आणि आपण तिला खालच्या कॅलिपरमधून काढायला बघतो. ती मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट), पाइपच्या सगळ्यात उंच वळणावर दडून बसते. गाडी साइड स्टँडवर घेतली आणि पाइपचं टोक टाकीपेक्षा खाली येईल असं हँडल वळवलं. झाकण नुसतं वर ठेवून लिव्हर जेमतेम अर्धा सेंटिमीटर, हळूहळू हलवत राहिलो आणि मधूनमधून पाइपवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारल्या. टाकीच्या छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. ते थांबेपर्यंत हात थांबवला नाही. लिव्हर तिथेच कडक झाला. झाकण पूर्ण उघडं ठेवून हे करू नये, कारण त्या छिद्रातून ऑइलची चिळकांडी थेट डोळ्यात उडू शकते.

एवढ्यानेही एअर निघाली नाही तर बँजो बोल्टला चिंधी गुंडाळून, लिव्हर दाबून तो किंचित सैल करून लगेच आवळायचा. पाइप सोडवला असेल तर बोल्टच्या दोन्ही बाजूंचे वॉशर नवे घालायचे. ते दबूनच सील करतात, त्यामुळे जुन्यांचा भरवसा नाही. कोरड्या, नव्या सिस्टिममध्ये मी खालच्या निपलमधून सिरिंजने ऑइल वर ढकलणं पसंत करतो, कारण हवेला जायचं असतं त्याच दिशेने ऑइल जातं. मात्र टाकी आधी अर्धी रिकामी ठेवायची.

निपलमधून ऑइल खेचणारा व्हॅक्यूम पंप लावला आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत, तर ते आतले असतीलच असं नाही. सैल केलेल्या निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा खेचली जाते. लिव्हर कडक असेल तर त्या बुडबुड्यांकडे दुर्लक्ष करावं. जोडताना डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला आणि निपल खालच्या बाजूला आलं, तर मात्र हवा कधीच निघणार नाही. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत नेहमीचं ऑइल बदलणं याच पद्धतीने होतं, फक्त टाकी कोरडी पडू द्यायची नाही. हवा मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एबीएसचा भाग) शिरली तर काही गाड्यांना त्याचे व्हॉल्व्ह चालवणारं स्कॅनर लागतं.

निपल जोर लावून आवळू नका, ते पोकळ असतं आणि तुटतं. बहुतेक ठिकाणी ६ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. टाकी वरच्या खुणेपर्यंतच भरली. पॅड झिजलेले असताना काठोकाठ भरली तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे सरकतात आणि ऑइल बाहेर येतं. निपलवर रबरी टोपी चढवली, सगळे जोड पाण्याने धुऊन कोरडे केले, आणि लिव्हर एक मिनिट पूर्ण जोराने दाबून धरला. खाली सरकला नाही, जोडांवर लावलेला पांढरा कागद कोरडाच राहिला, लिव्हर सोडल्यावर चाक मोकळं फिरलं. पहिली चाचणी चालण्याच्या वेगाने, मोकळ्या जागेत, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना लिव्हर आणि कागद पुन्हा तपासले.