आईला मेडिकलला प्रवेश मिळाला
एडिसन, अमेरिका, सोमवार, २७ एप्रिल २०२६

शनिवारी कपड्यांच्या घड्या घेऊन मी जिना चढत होते, तेव्हा ईशाच्या दाराआडून तिचे फोनवरचे बोलणे कानावर पडले. पलीकडून बहुधा अभिनंदन झाले असावे, कारण ती हसत इंग्रजीत म्हणाली, "मला कुठला, माझ्या आईला मेडिकलला प्रवेश मिळाला आहे." बाहेर पाऊस आहे हे सांगावे, इतक्या सहजपणे तिने ते सांगितले. मी घड्या दाराशीच ठेवल्या आणि खाली आले. आज तिसरा दिवस आहे आणि ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

शुक्रवारी १ मे. दोहोंपैकी एका ठिकाणी होकार कळवून डिपॉझिट भरायचे आहे. (सोलापुरात त्या दिवशी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन असेल, मुहूर्त उत्तम असल्याचे नंदूदादाने कळवले आहे.) एकीकडे सात वर्षांचा जोडअभ्यासक्रम आहे: तीन वर्षे पदवीची, चार एमडीची, आणि जागा आजच राखून ठेवलेली. अट एवढीच, की जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, साडेतीनच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि दुसऱ्या कुठल्या मेडिकल कॉलेजला अर्ज करायचा नाही. 'एमडी' हा शब्द ऐकून आत्याबाईंना वाटते, की पोरगी एमबीबीएस न करताच थेट एमडी होणार. इथली एमडी म्हणजे आपली एमबीबीएसच, हे मी दोनदा समजावून आता सोडून दिले आहे. दुसरीकडे चार वर्षांचे नेहमीचे विद्यापीठ आहे, जिथला भूशास्त्र विभाग पाहून आल्यापासून ईशा त्याविषयी फारशी बोलत नाही. एरवी तिला जे नको असते, त्याविषयी ती पुष्कळ बोलते.

भूशास्त्राची पदवी घेऊनही पुढे डॉक्टर होता येते, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी ऑरगॅनिक केमिस्ट्रीसकट सगळे आवश्यक विषय वेगळे घ्यायचे, मग साडेसात तासांची एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची, जिचे गुण ४७२ ते ५२८ अशा विचित्र मापात मोजतात, आणि तरीही दरवर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्यांनासुद्धा एमडीला प्रवेश मिळत नाही. हे सगळे मी गेले तीन आठवडे रोज जेवताना ऐकवते आहे. अजित ताटात बघत जेवतो. ईशा ऐकून घेते, आणि आता मला कळते आहे की ती नेमके काय ऐकत होती.

माझे बोलणे चुकीचे होते का? आकडे तर खरे आहेत. हातातली जागा सोडून कोणी दगडांच्या मागे जाते का, असे आमच्या घरात कोणीही विचारले असते. १९९३ साली बारावीच्या गुणांवर मेडिकलची यादी लागली, ती दोन गुण वर थांबली. त्यानंतर बाबांनी मला काही म्हटले नाही. म्हटले असते तर बरे झाले असते. बीएस्सी, सूक्ष्मजीवशास्त्र, मग लग्न, मग हा देश, आणि आज औषधांच्या कंपनीत मी दिवसभर बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजते. कोणी डॉक्टर म्हणून ओळख करून दिली, की माझा आवाज अजूनही जरा बदलतो. ते ईशाच्या लक्षात आले नसेल, असे मी इतकी वर्षे समजत होते.

पण खरी टोचणी निराळीच आहे. त्या अर्जाच्या निबंधात तिने आजोबांच्या डायलिसिसविषयी लिहिले होते: आठवड्यातून तीन वेळा रिक्षाने जाणे, परतताना रसवंतीसमोर नजर वळवणे, कारण पाणीसुद्धा मोजून प्यायचे होते. निबंध फार सुंदर झाला होता. ईशा तेव्हा दोन वर्षांची होती आणि इथे होती. रसवंतीसमोर नजर मी वळवली होती. तिला हे सगळे मीच सांगितले, वाक्येही मीच सुधारली, आणि मुलाखतीच्या दिवशी बाहेर गाडीत बसून मीच घामाघूम झाले. म्हणजे ती बोलली ते अक्षरशः खरे होते. तेहेतीस वर्षांनी माझे नाव एकदाचे यादीत लागले, तेही मुलीच्या रोल नंबरवर. हे लिहिताना मला हसू आले, आणि शनिवारपासून पहिल्यांदाच जरा मोकळे वाटले.

आज संध्याकाळी तिच्या खोलीत गेले. खिडकीत तिचा वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट हा निळा खनिज-स्फटिक होता, पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर निळीचा थेंब सांडून वाळावा तसा. मागच्या खेपेला पुण्याहून आणताना तिने तो माझ्या ठेवणीतल्या साडीत गुंडाळला होता आणि मी विमानतळावर केवढी चिडले होते. मी तिला म्हटले, की शनिवारचे तुझे बोलणे मी ऐकले. ती लालबुंद झाली. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले,

"दोन मार्क नक्की कशात गेले गं?"

"फिजिक्समध्ये."

"मग आई, एमकॅट तुला जडच गेली असती. त्यात फिजिक्स असतं."