शार्लटला कोण गेलं याचं मला काय

मंगळवार, २५ मार्च २०२५, रात्री उशिरा

आमच्या व्हाइट सॉक्सनी, म्हणजे शिकागोच्या बेसबॉल टीमनं, कोल्सन माँटगोमेरी ह्या तरुण शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) शार्लटला पाठवलं, मेजर लीगच्या एक पायरी खालच्या, ट्रिपल-ए टीमकडे. बास, एवढंच झालंय. तेही आज नाही, बातमी जुनी झाली आता, आणि त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतंच, गेल्या वर्षी ट्रिपल-एला त्याची बॅटिंग ॲव्हरेज जेमतेम .२१४ होती, ह्या स्प्रिंगला पाठीनं दगा दिला, अशा पोराला कोण थेट मेजरमध्ये उभं करेल. माझ्या हातात असतं तर मीही पाठवलाच असता. तरी ते वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला आणि तो काही भरत नाहीये. मेधा म्हणाली, "तुझा कोण लागतो रे तो?" आता ह्याला काय उत्तर देणार.

म्हणून लिहून बघतोय.

आधी वाटलं की हरण्याचा कंटाळा आला असेल. पण तसं नाहीये. हरण्याचं मला काही वाटेनासं झालंय, खरंच. २०२४ ला ४१ जिंकलो आणि १२१ हरलो, १९६२ च्या मेट्सच्या नावावर १२० होत्या, तो विक्रम आपण मोडला, मध्ये जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ हरलो. आणि सांगू का, मागचा उन्हाळा मला फार निवांत गेला. कुणाकडून काही अपेक्षाच नाही म्हटल्यावर माणूस किती मोकळा होतो! मॅच लावायची, भाजी निवडायची, नऊपैकी सातव्या इनिंगला बंद करायची. सीझनच्या शेवटच्या होम सिरीजला मी गेलो होतो, १२० झालेल्या होत्या आणि जमलेली पब्लिक उघडउघड १२१ वी बघायलाच आलेली, मालकाच्या नावानं ‘टीम विकून टाका’ म्हणून ओरडत होती. तर आपल्या गड्यांनी एंजल्सना तिन्ही मॅच हरवलं. म्हणजे हरायला बोलावलं तर तेही वेळेवर नाही. १२१ वी मग डेट्रॉइटला जाऊन हरले. इतका हसलो होतो मी त्या आठवड्यात.

तेव्हा हसू येत होतं आणि आता पोटात खड्डा पडतोय, हे काय आहे?

डिसेंबरपासून सुरू झालंय हे. आमच्या क्रोशे ह्या पिचरला बॉस्टनला दिला त्या दिवसापासून. १४६ इनिंगमध्ये २०९ बॅटर स्ट्राइकआउट, ते पण स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) म्हणून पहिल्याच वर्षी, असा डावखुरा देऊन टाकला आणि बदल्यात चार पोरं आली. काइल टील कॅचर, ब्रेडन माँटगोमेरी (हा दुसरा माँटगोमेरी, मागच्या वर्षी कॉलेजच्या शेवटच्या सामन्यांत घोटा मोडला त्याचा, ट्रेड झाला तेव्हा प्रोफेशनल मॅच एकसुद्धा खेळलेला नव्हता), चेस मायड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ. अर्णवचा लगेच मेसेज, "बाबा, तुझा क्रोशे आला आमच्याकडे." आमच्याकडे म्हणे. जाऊन किती दिवस झाले रे तुला तिकडे. असो, तो विषय नको आज.

पण गंमत बघा, २०१६ चा डिसेंबर. तेव्हाही डावखुरा, तेव्हाही बॉस्टन. क्रिस सेल गेला आणि बदल्यात मोंकाडा, कोपेक वगैरे पोरं आली. तेव्हा मी सगळ्यांना समजावून सांगत फिरायचो की हाच योग्य मार्ग आहे, तीन-चार वर्षं कळ काढायची, मग बघा. जोशी क्यूब्सचा, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या टीमचा, ते नुकतेच वर्ल्ड सिरीज जिंकलेले, त्याला तर मी पुढच्या उन्हाळ्यात तक्ता काढून दाखवला होता की मोंकाडा कुठे बसेल, जिओलिटो कुठे, एलोय कधी येईल (हा तर त्याच उन्हाळ्यात क्यूब्सकडूनच घेतला आपण, किन्ताना ह्या पिचरच्या बदल्यात, आणि सीझ हा पिचरसुद्धा). आणि आले की सगळे! कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही. २०२१ ला ९३ मॅच जिंकून डिव्हिजन घेतली, आयोवात मक्याच्या शेतातल्या मैदानावर आपल्या अँडरसनने यांकीजना शेवटच्या फटक्यावर संपवलं, त्या रात्री आम्ही तिघं सोफ्यावर नाचलो होतो. मग प्लेऑफमध्ये ह्युस्टनने ३-१ ने घरी पाठवलं. पुढच्या वर्षी ८१-८१. त्याच्या पुढच्या वर्षी १०१ हार. मग १२१. सेलने मात्र २०१८ ला बॉस्टनकडून वर्ल्ड सिरीज जिंकली आणि गेल्या वर्षी पस्तिशीत अटलांटाकडून साय यंग, म्हणजे सगळ्यात चांगल्या पिचरचं बक्षीस. घ्या.

म्हणजे तो अख्खा रिबिल्ड (मोठे खेळाडू देऊन पोरांवर नवी टीम उभी करणं) झाला, पिकला, सडला आणि आता पहिले पाढे पंचावन्न. आणि मला परत तेच सगळं वाचायचंय, कोण कितव्या नंबरचा प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू पोरगा, कुणाची स्लायडर कशी पडते, कुणाचा ईटीए, म्हणजे मेजरला यायचा अंदाज, कधीचा. पन्नाशी गाठायला आलेला माणूस मी, अजून किती रिबिल्ड आहेत माझ्या नशिबात? एक साताठ वर्षांचा धरला तरी हिशोब काही फार बरा दिसत नाही. हे लिहिताना स्वतःचीच कीव आली, पण लिहिलंय तर राहू दे.

आणि बरं, इतकं हरून मिळालं तरी काय. मला वाटायचं सगळ्यात वाईट टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडताना, पहिला नाहीतर दुसरा नंबर मिळत असेल. तर नियम असा की जी टीम बाकीच्यांना महसूल वाटते तिला वरच्या नंबरांच्या लॉटरीत लागोपाठ दोन वर्षं नंबर लागू शकत नाही. आपला गेल्या वर्षी लागला होता, पाचवा, त्यातून हेगन स्मिथ घेतला. त्यामुळे १२१ हरूनही ह्या वर्षी दहावा नंबर. दहावा! ४१ च्या ऐवजी ६० जिंकले असते तरी काही बिघडलं नसतं. शिवाय सीझला पाद्रेजना देऊन जो पिचर ड्रू थॉर्प आणला, त्याचं ह्याच महिन्यात कळलं, कोपराची टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे हे वर्ष गेलं. आमच्या बेनिंटेन्डीच्या हातावर बॉल बसून फ्रॅक्चर झालं. सीझनआधीच्या सरावाला आम्ही कॅमेलबॅकला असतो, तिथे शेजारच्याच मैदानांवर डॉजर्सचा सराव चालतो, गेटपासून पार्किंगपर्यंत सगळं एकत्र, एकीकडे गेल्या वर्षीचे चॅम्पियन आणि एकीकडे आम्ही. ॲरिझोनाच्या उन्हात हा शेजार कुणी सुचवला असेल.

हां, पण मुद्दा हा नाहीये. ह्या सगळ्याचा मला राग येतोय असं मी लिहितोय, पण राग नाही येत. रागाची मला सवय आहे, राग आला की मला झोप लागते.

मुद्दा तो खड्डा. लिहिता लिहिता जरा दिसायला लागलंय. कोल्सन जर मला कुणी लागत नसता तर शार्लटला जाऊ दे नाहीतर टिंबक्टूला. मला गुरुवारी, सीझनच्या पहिल्या मॅचला, तो शॉर्टस्टॉपला उभा असलेला बघायचा होता. त्याच्या जागी बहुतेक जेकब अमाया असेल, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, चांगला हात आहे पोराचा. पण मला कोल्सन बघायचा होता, म्हणजे मला काहीतरी हवं होतं. ह्या टीमकडून काहीतरी हवं असणं हे मी बंद केलं होतं, आणि ते मला न विचारता परत सुरू झालंय. माझ्याकडून परवानगी कुणी घेतली?

आणि चोरून सुरू झालंय हे. फोनवर बघतो मी, मेधा झोपल्यावर. मायनर लीगचे, म्हणजे खालच्या टीमांचे, गेल्या वर्षीचे बॉक्स स्कोअर. नोआ शुल्ट्झ ह्या पिचरबद्दल जे मिळेल ते वाचून झालंय, सहा फूट नऊ इंच उंच, डावखुरा, आणि आमच्या शेजारच्या ऑस्वेगोच्या शाळेतला पोरगा, नेपरव्हिलहून गाडीनं पंधरा-वीस मिनिटं, त्या शाळेवरून मी कितीदा गेलोय. बर्मिंगहॅमची टीम, म्हणजे आपलीच डबल-ए, ट्रिपल-एच्या खालची, तिनं गेल्या वर्षी सदर्न लीग जिंकली. वरची टीम १२१ हरत होती तेव्हा खाली पोरं ट्रॉफी उचलत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता कारण मी सातव्या इनिंगला टीव्ही बंद करून निवांत बसलो होतो. आईची अढी आठवते, माळ्यावर गवतात आंबे, आणि आम्हाला सक्त ताकीद की रोज दाबून बघायचे नाहीत. आम्ही दाबायचो. त्यातले निम्मे दाबल्यामुळेच काळे पडायचे. तर सध्या रात्री मी हेच करतोय, एवढंच की हे आंबे शार्लटला आहेत.

आशा म्हणायचं का ह्याला? म्हणायची लाज वाटते. वाईट टीमचा चाहता असण्यात एक रुबाब आहे, लोक सहानुभूतीनं बघतात, आपण विनोद करतो, ऑफिसमध्ये माझी ओळखच ती आहे. (ऑफिसचं त्या मीटिंगनंतर कसंय ते नंतर कधीतरी.) पण वाईट टीमकडून आशा ठेवणारा म्हणजे अगदीच बावळट. पुन्हा तक्ते काढणारा. टील आणि क्वेरो दोघंही कॅचर, मग एकाला डीएच (फक्त बॅटिंग करणारा) करायचा का, हा विचार मी परवा सिग्नलला थांबून करत होतो, मागच्याने हॉर्न मारला.

आता ह्यात दोष कुणाचा असेल तर २००५ चा. नवा नवा आलो होतो, शिकागोची आयआयटी, पवईची नव्हे, हॉस्टेलपासून स्टेडियम चालत जाण्याइतकं, स्वस्तातली तिकिटं, नियम धड माहीत नाहीत, आणि ती टीम प्लेऑफमध्ये ११ जिंकून १ हरली, १९१७ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज. मला वाटलं हे असंच असतं इथे, दर दोन-चार वर्षांनी होत असेल. सुरुवात अशी झाल्यावर माणूस सुधारणार कसा.

एक मात्र आहे. शेन स्मिथ, पिचर.

त्याचं वाचल्यापासून जरा बरं वाटतंय. ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नव्हता त्याला. मिलवॉकीकडे होता, त्यांनी राखून ठेवायच्या चाळीस जणांच्या यादीत ठेवला नाही, तर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये (दुसऱ्यांनी न राखलेली पोरं उचलायची सोय) आपण उचलला. तिथे मात्र आपला पहिला नंबर होता, म्हणजे १२१ हरल्याचं काहीतरी चीज झालं म्हणायचं. नियम असा की उचललेला खेळाडू अख्खा सीझन मेजरच्या सव्वीस जणांत ठेवावा लागतो, खाली पाठवायचा म्हटलं तर आधी जुन्या टीमला परत द्यायची तयारी ठेवायची. म्हणजे ह्याला शार्लटला पाठवून ‘थोडं थांब हं बाळा’ म्हणायची सोयच नाही. तो रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीनं मॅच सुरू करणाऱ्या पिचरांत, आलाय. चांगला खेळो, वाईट खेळो, समोर असणार. मला ही भानगड फार आवडली. सगळ्यांनाच रूल ५ लावा ना.

आणि गुरुवारी ओपनिंग डेला बॉल टाकणार शॉन बर्क. गेल्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा मेजरमध्ये आला, एकूण चार मॅच, १९ इनिंग, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन, कमी तितके चांगले) १.४२. एवढ्या भांडवलावर ओपनिंग डेचा पिचर! दुसऱ्या कुठल्याही टीममध्ये त्याला रोटेशनमधल्या पाचव्या नंबरसाठी भांडावं लागलं असतं. आपल्याकडे पाटी कोरी, ये आणि बस. नवा मॅनेजर व्हेनेबलसुद्धा पहिल्यांदाच मॅनेजर होतोय. टीममधला टॉचमन तर इथलाच, पॅलटाईनचा. आणि जुन्यांतला रॉबर्ट अजून आहे, जुलैपर्यंत तरी, मग त्यालाही चार पोरांच्या बदल्यात कुठेतरी... नको, ते जुलैमध्ये बघू.

जोशीने मागच्या आठवड्यात पहाटे पाचला उठून क्यूब्सच्या टोकियोच्या मॅच बघितल्या, दोन्ही हरले डॉजर्सकडून. फोनवर इतका कळवळून बोलत होता, "अरे आपली बॅटिंगच नाही," वगैरे. मी ऐकून घेतलं. दोन हारींवर एवढं दुःख करण्याची ऐपत असावी लागते.

तर गुरुवारची तिकिटं काढली. दोन. तिसऱ्या बेसच्या बाजूची, वरची, मार्चअखेर वारा तिथे कसा लागतो माहीत असूनही. मेधा येणार नाही म्हणाली, मग जोशीला विचारलं तर फुकट म्हटल्यावर लगेच हो. ऑफिसमध्ये अर्धा दिवस सुट्टी टाकलीये, कारण दात.

समोर परत एंजल्सच. त्यांच्याकडे मोंकाडा आहे आता, आणि अँडरसनलाही त्यांनीच घेतलंय, म्हणजे माझ्या मागच्या तक्त्यातले दोघं आपल्याच मैदानावर पाहुण्यांच्या डगआउटमध्ये बसलेले असणार. अँडरसनसाठी मी उभा राहणार, त्यात वादच नाही, मक्याच्या शेताचं देणं आहे त्याचं. मोंकाडाचं मात्र ठरत नाहीये. जोशी म्हणतो हुर्यो उडव, त्याला काय जातंय म्हणायला.