तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा उजव्या सोंडेचा

हळदीकुंकवाला आलेलं कुणीतरी देवघराशी थबकतं. "अगं बाई, उजव्या सोंडेचा गणपती? घरात? सोवळं झेपतं तुम्हाला?" लग्न होऊन या वाड्यात आले तेव्हापासून ऐकतेय. आता सांगूनच टाकते.

नाही झेपत. नोकरी केली, डबे भरले, पाळीतही त्याच हातांनी दिवा लावला. वीतभर पितळी मूर्ती सासूबाईंच्या माहेरची. त्यांनीही कधी कडक सोवळं पाळलेलं मी पाहिलं नाही.

उजवी म्हणजे सूर्यनाडी, शिवाय दक्षिण, यमाची दिशा, म्हणून तो कडक. डावी चंद्रनाडी, म्हणून शांत. हे मलाही पाठ आहे. पण अथर्वशीर्षात त्याचं रूप केवढं बारकाईनं आलंय! एक दात, चार हात, पाश, अंकुश, लाल रंग, सुपासारखे कान. सोंडेचं मात्र एवढंच, वक्रतुंड. कुठल्या बाजूला वळलेली, ते नाही.

हे तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं.

१९९६ साली सातव्या महिन्यात माझं बाळ गेलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सोंड उजवी ना गं त्याची. काहीतरी राहिलं असेल." मायेनंच म्हणाल्या, म्हणून ते खोल गेलं. रात्रभर मी दिवस मोजत बसले. एक चतुर्थी सापडली. घेरी आली म्हणून त्या दिवशी नैवेद्य राहिला होता. डॉक्टरांनी वार वेळेआधीच गर्भाशयापासून सुटल्याचं सांगितलं होतं, पण मी चतुर्थी धरून बसले. पहाटे मूर्ती जुन्या साडीत गुंडाळली आणि रिक्षानं पुण्यातल्या ओंकारेश्वरापाशी नदीवर गेले. पाणी घोट्यापर्यंतसुद्धा नव्हतं. तो बुडाला नसता, गाळात उताणा पडून राहिला असता. तेवढ्यासाठीच परत आणला. त्यात भक्ती नव्हती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. कुठे गेली होतीस, असं विचारलं नाही. साडी सोडली, मूर्ती ताम्हनात ठेवली, चिंच लावून घासायला बसल्या. "तू नीज. आज पूजा मी करते."

पुढे सिद्धटेकला गेले. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा तो एकटाच. मधु-कैटभांशी लढताना विष्णूला सिद्धी मिळाली ती त्याच्याकडून, असं तिथलं माहात्म्य. आमच्या पुढे रांगेत एक बाई तान्हं मूल कडेवर घेऊन उभी होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. ही का भीत नाही? आपल्या सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती मोरावर बसलाय, त्याला तर तीन सोंडा. गणेशपुराणात त्याचं वाहनच युगागणिक बदलतं: सिंह, मोर, उंदीर, घोडा. इतकी रूपं घेणारा देव सोंडेच्या वळणावरून चिडत असेल, हे मला पटत नाही.

पण नदीकाठच्या त्या मुलीला हे सांगून उपयोग झाला नसता. तिला कारण नको होतं, दोष हवा होता. तो स्वतःचा निघाला तरी चालणार होता. आणि आज तरी मी कुठे सुटलेय? गावाला जाताना शेजारच्या वहिनींकडे किल्ली देते, नैवेद्य चुकवू नका म्हणून बजावते. भक्ती की भीती, विचारू नका.

सुनेला सातवा लागलाय. या संकष्टीला नैवेद्याचं ताट मी दोनदा तपासलं.