सातवा माइक

टोकियोतल्या एका तळघरातल्या हॉलमध्ये रविवारी 'ताइबान' होता, म्हणजे एकामागून एक आयडॉल गट, नाचत गाणाऱ्या तरुण पॉप कलाकारांचे. प्रत्येकाला वीस मिनिटं, मध्ये मंच बदलायला जेमतेम पाच. साउंडला मी होतो. तिसरा गट सात मुलींचा, सातही जणींच्या हातात वायरलेस माइक.

जपानमध्ये परवान्याशिवाय माइक वापरायचा तर बहुतेक जण 806 ते 810 मेगाहर्ट्झचा 'बी बँड' घेतात. 125 किलोहर्ट्झच्या अंतराने त्यात 30 चॅनल बसतात. बाहेरून आलेल्याला वाटतं, सात माइक म्हणजे किरकोळ. प्रत्यक्षात अ‍ॅनालॉग माइक एका जागी साधारण सहाच नीट चालतात. 806.250 आणि 806.500 एकत्र चालू असले की 806.000 आणि 806.750 वरही लहरी उमटतात, आणि तिथला माइक खरखरतो. म्हणूनच चॅनल कधीच समान अंतरावर लावू नयेत.

चाचणीत एकेक माइक तपासला होता, सगळे स्वच्छ. सातही एकदम चालू करून पाहिले नव्हते, चूक तिथेच झाली. पहिल्याच ध्रुवपदाला सातव्या माइकचा आवाज फुटला. मी तो माइक बंद केला. ती मुलगी शेजारणीच्या माइकवर गायली, नाच न चुकवता. प्रेक्षकांच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण ट्रॅकमध्ये 'काबुसे' होतं, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेला त्यांचाच आवाज. परक्या कानाला सुरुवातीला ही फसवणूक वाटते. वीस मिनिटं उड्या मारत गाणाऱ्यांचा श्वास जवळून ऐकला की तसं वाटत नाही.

संध्याकाळच्या खेळाला सातवा माइक 2.4 गिगाहर्ट्झचा दिला. या लहरी माणसांच्या शरीरात शोषल्या जातात, म्हणून त्याचा रिसीव्हर मिक्सरजवळ न ठेवता मंचाच्या कडेला ठेवला. मुलींना एवढंच सांगितलं, की माइकची जाळी मुठीत धरू नका. जाळी झाकली की माइक चहूबाजूंनी आवाज ओढतो आणि मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेला मंचावरचा स्पीकर, शिट्टी मारतो.

रात्री शिंजुकू स्टेशनच्या दक्षिण दारापाशी एक मुलगी गिटारवर गात होती. सहा पेन्सिल सेलवर चालणारा छोटा अ‍ॅम्प, वायरचा माइक, खरखर शून्य. दुसऱ्या गाण्यात पोलीस आला. रस्ता वापरायला वाहतूक कायद्याच्या कलम 77 खाली परवानगी लागते आणि अशा गायकांना ती सहसा मिळत नाही. चाचणी देऊन परवाना मिळवायची टोकियो महानगराची 'हेवन आर्टिस्ट' योजना 2002 पासून आहे, पण तीही ठरावीक बागा आणि जागांपुरतीच. वाद न घालता तिने अ‍ॅम्पचा आवाज आधी शून्यावर आणला, मग वायर काढली. उलट क्रमाने केलं असतं तर स्पीकरने धडाका दिला असता.