चंद्रताल ते बारालाचा: टोकपो गोंगमा दुपारी ओलांडू नका

'पाणी घोट्याएवढं असतं, दोन मिनिटांत पलीकडे' असं ट्रेक आखून देणाऱ्याने मनालीत छातीठोकपणे सांगितलं होतं. चंद्रताल सरोवराहून बारालाचा खिंडीकडे जाताना आडव्या येणाऱ्या टोकपो गोंगमा नाल्याच्या काठावर भर दुपारी पोचलो तेव्हा घोड्याच्या पोटाला पाणी लागत होतं आणि तळातून धोंडे गडगडत गेल्याचा आवाज येत होता. पाय अजून दुखताहेत, राग तर त्याहून ताजा आहे, म्हणून लगेच लिहितोय.

सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाच्या डोक्यात पाण्याचा हिशेब पक्का असतो: पाऊस नाही, आकाश निळं, म्हणजे ओढा ओलांडायला हरकत नाही. हिमाचलातल्या लाहौलमध्ये हा हिशेब जिवावर बेतेल. पीर पंजाल रांग मोसमी ढग बरेचसे अडवते, त्यामुळे पलीकडे पाऊस कमी. चंद्रा नदी उन्हाळ्यात वाहते ती मुख्यतः बर्फ आणि हिमनद्यांच्या वितळण्यावर. म्हणजे ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त. दिवसभराचं वितळलेलं पाणी उशिरा दुपारी ते संध्याकाळी नाल्यांत उतरतं, रात्री थंडीने वितळणं मंदावतं आणि पहाटे नाला सगळ्यात खाली असतो. हिमनदीपासून जितकं लांब, तितकी ही भरती उशिरा पोचते. म्हणून बाजूचा नाला ओसरायला लागला तरी चंद्रा रात्री फुगलेलीच दिसते.

ही नदी बारालाचा खिंडीजवळ उगम पावते, आग्नेयेला उतरते, बातलपाशी पश्चिमेला वळते आणि तांदीला भागा नदीला मिळून चंद्रभागा होते. हीच पुढे चिनाब. ट्रेकची वाट नदी डाव्या हाताला ठेवून वर जाते आणि उजवीकडून येणारे टोकपो योंगमा, टोकपो गोंगमा आडवे येतात. किती पाणी आहे हे घरबसल्या कळणार नाही. सिंधू खोऱ्यातल्या नद्यांच्या प्रवाहाचे आकडे सरकार सर्वांसाठी खुले ठेवत नाही. काठावर बसून स्वतःच पाणी वाचायचं.

आम्ही तेच केलं. चारच्या सुमाराला पाण्याच्या कडेला एक चपटा दगड ठेवला. सहाला तो दिसेनासा झाला. अलीकडेच तंबू ठोकला. पहाटे उजाडताना तोच दगड पाण्यापासून दोन हात लांब, कोरडा पडला होता आणि शिंतोडे उडलेल्या धोंड्यांवर बर्फाची पातळ काच धरली होती. गुडघ्याखालच्या पाण्यातून सगळे पलीकडे गेलो. पलीकडे पोचल्यावर जो आनंद झाला तो खिंडीत पोचल्यावरही झाला नाही.

तेव्हा आखणीच बदला. रोजची मजल नाल्यापाशी दुपारी संपते, हीच खरी गोम आहे. मुक्काम अलीकडच्या काठावर आणि ओलांडणं उजाडताच, हे निघण्याआधी वदवून घ्या. 'आज वेळ आहे, आजच पलीकडे जाऊ' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रात्री गारठा पडला नाही किंवा पाऊस झाला, तर पहाटेही पाणी हवं तेवढं उतरत नाही. त्यासाठी एक दिवस हाताशी राखून ठेवा.

नाला ओलांडायची जागा शोधताना अरुंद जागेचा मोह टाळा. पात्र पसरून चार-पाच फाटे झालेत तिथेच उतरा. पाणी गढूळ, दगडाच्या पिठाने राखाडी असतं, तळ दिसत नाही, म्हणून काठीने चाचपत जा. तोंड वरच्या प्रवाहाकडे, सॅकचे कंबर आणि छातीचे पट्टे सोडलेले, पायात बूट. अनवाणी तर अजिबात नको. त्या गारठ्यात पाय क्षणात बधिर होतात. अंगाला दोर बांधू नका, पडलात तर तोच पाण्याखाली दाबून धरतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाणीही वेगवान असेल तर माघारी फिरा. धोंडे गडगडल्याचा आवाज येत असेल तर विषयच संपला.

आता पैशांचं. दुपारी त्या काठावर आम्हाला घोड्यावरून पलीकडे न्यायचे माणशी हजार रुपये मागितले गेले, तेही आम्हीच ठरवून आणलेल्या घोड्यांचे! सरळ लूट आहे ही. नाले ओलांडून देणं भाड्यात धरलंय, हे मनालीतच कागदावर लिहून घ्या.

चंद्रताल सुरेख आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. गोंगमानंतर खिंडीपर्यंतची चाल लांब पण सोपी. माझं स्पष्ट मत: जुलै-ऑगस्टमध्ये हा ट्रेक करूच नका, सप्टेंबरमध्ये करा. रात्री गोठवतील, पण पाणी खूपच कमी असेल. बारालाचाला मनाली-लेह रस्ता लागतो. तिथे गाडी आधी ठरवलेली असू द्या, दुपारनंतर हात दाखवून गाडी मिळवणं कठीण जातं.