तीनशे मोठं ना, मामा?

"२५० मिमीची लेन्स कशाला? ३०० घ्या, पक्षी आणखी जवळ येतो." पणजीतल्या दुकानदाराने बॉक्स भाच्यापुढे सरकवला आणि पोरगं लगेच पाघळलं.

त्या बॉक्सवर दोन अक्षरं नव्हती. आयएस. कॅननच्या ७५-३०० थ्री लेन्समध्ये हात हलला तर सावरणारी सोयच नाही. ५५-२५० एसटीएममध्ये ती आहे.

भाच्याचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा. त्यावर २५० ची चौकट फुल-फ्रेमवरच्या ४०० मिमीइतकी अरुंद होते, म्हणजे हाताची जराशी थरथरही फोटोत उतरते. पहाटे चोडण बेटावरच्या खारफुटीत, जेमतेम उजेडात खंड्या खुंटावर बसलेला असेल तर विचारूच नका! (उडत्या पक्ष्याला मात्र आयएसचा उपयोग नाही, तिथे शटरच १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवा.)

दुकानदार खोटं बोलला नाही. ३०० ला पक्षी जवळ येतोच. पण २५० चा फोटो कडेने थोडा कापला की तेवढाच दिसतो. हललेला फोटो कापून काय मिळणार?

फेरीबोटीत भाचा पुन्हा, "पण मामा, ३०० मोठं ना?" आकडा आपल्याला किती पटकन पटतो! मोबाईलचे मेगापिक्सेल बघतो तसंच.

कोणाकडे जुनी ५५-२५० पडून आहे का?