कुंडईतले दोन महिने

मे महिना उजाडला की गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात महाविद्यालयांची पत्रे येऊ लागतात. मजकूर ठरलेला असतो: अमुक विद्यार्थी, अमुक आठवडे, कृपया औद्योगिक प्रशिक्षणाची संधी द्यावी. विद्यार्थ्याला काय येते, त्याने काय शिकावे असे त्याच्या शिक्षकांना वाटते आणि आमच्याकडचा कोणता प्रश्न त्याला झेपेल, याविषयी त्यात एक ओळही नसते. मी देखभाल विभागात असल्यामुळे ही मुले बहुधा माझ्याकडे सोपवली जातात, आणि इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. प्रशिक्षणाला आलेल्या विद्यार्थ्याला दिलेला प्रश्न कंपनीचा खराखुरा असला पाहिजे, पण त्यावर उद्याचे उत्पादन अडलेले असता कामा नये.

दोन्ही अटी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. प्रश्न दिखाऊ असेल, तर त्याच्या उत्तराची कंपनीत कोणीच वाट पाहत नाही, आणि ही गोष्ट मुलांना दोन दिवसांत कळते. उलट यंत्र बंद पडून माल अडला असेल, तर आम्हीच घाईने त्यात हात घालतो आणि विद्यार्थ्याच्या हाती टॉर्च धरण्यापलीकडे काही उरत नाही. महिनोन्महिने सगळ्यांना खुपणारा, पण रोजच्या धावपळीत कोणालाही हाती घेता न आलेला प्रश्न शोधावा लागतो. असे प्रश्न प्रत्येक कारखान्यात असतात. ते लिहून ठेवलेले मात्र नसतात.

माझे स्वतःचे प्रशिक्षण एका मोठ्या कारखान्यात चार आठवडे झाले. तिथे कोणी वाईट वागले नाही. कोणाला वेळ नव्हता, एवढेच. मला एक खुर्ची आणि जुन्या यंत्रांच्या पुस्तिका मिळाल्या, आणि शेवटच्या दिवशी उत्तम शेऱ्याचे प्रमाणपत्रही मिळाले. माझा अहवाल मी आदल्या वर्षीच्या अहवालावरून तयार केला आणि तोंडी परीक्षेत त्यावर एकही प्रश्न आला नाही. त्या चार आठवड्यांची चुटपुट मला अजूनही आहे.

या शिक्षणपद्धतीला मोठी परंपरा आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये 27 विद्यार्थी घेऊन, एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा कारखाना अशी आलटून पालटून शिकण्याची रीत सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स या तंत्रशिक्षण संस्थेने 1973 मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. त्यात आधी दोन महिन्यांचा आणि नंतर साडेपाच महिन्यांचा टप्पा असतो, आणि तिच्या गोव्यातल्या झुआरीनगरच्या संकुलातले विद्यार्थीही त्याच वाटेने जातात. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे संस्थेचे प्राध्यापक या कामाशी जोडलेले राहतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण 160 श्रेयांक (क्रेडिट) धरले आहेत आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण अनिवार्य केले आहे. कागदावर ही चांगलीच प्रगती आहे. मात्र श्रेयांक तासांवर मोजले जातात, आणि खुर्चीत बसून काढलेले तासही तेवढेच भरतात.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्याकडे तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आणि तिचा वर्गमित्र असे दोघे आले. मी त्यांना दाबाखालच्या हवेचा प्रश्न दिला: हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर गरजेपेक्षा जास्त का चालतो? गळती फुकटची वाटते, कारण हवा दिसत नाही. पण सात बार दाबाच्या वाहिनीला तीन मिलिमीटरचे एक भोक असले, तरी सुमारे तीन किलोवॅट वीज सतत वाया जाते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद असताना दोघांनी घड्याळ लावून कॉम्प्रेसरच्या नोंदी घेतल्या. लोडवर, म्हणजे हवा दाबत, सव्वा मिनिट, अनलोडवर, म्हणजे हवा न दाबता, पावणेचार मिनिटे, आणि पुन्हा तेच. कोणीही हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर एकूण वेळाचा चौथा हिस्सा राबत होता. म्हणजेच गळती क्षमतेच्या 25 टक्के होती.

मग साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन आठवडाभर शोध चालला. सैल जोड सापडले, चिरलेल्या नळ्या सापडल्या, त्या बदलल्या. तरीही आकडा म्हणावा तसा उतरेना. वहीतल्या हिशोबात काहीतरी चुकते आहे, असे त्या मुलीला वाटू लागले. शेवटी शिफ्ट बदलताना आमच्या जुन्या ऑपरेटरने तिला हाक मारली, “बाय, तिकडे टाकीखाली कान लाव.” हवेच्या टाकीखालचा आणि वाहिनीच्या तीन खोलगट जागांचा ड्रेन कॉक, म्हणजे साचलेले पाणी सोडायची तोटी, किंचित उघडा होता. ती म्हणाली, “काका, हे बंद करायला कोणी विसरले का?” ते म्हणाले, “विसरलं कोण? मीच ठेवलाय. पावसाळ्यात पाणी साचतं, ते यंत्रात गेलं तर वॉल्व्ह अडकतो, आणि बोलणी मला बसतात.”

ही गळती म्हणजे एका जबाबदार माणसाने काढलेला उपाय होता. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत दमटपणा इतका असतो की दाबाखाली तिच्यातून पाणी सुटतच राहते, आणि दर तासाला जाऊन ते काढायला माणूस कुठून आणायचा? मुलांनी ऑपरेटरला दोष न देता ठरावीक वेळाने आपोआप उघडणारे ड्रेन वॉल्व्ह सुचवले, किती वेळाने आणि किती सेकंद उघडावेत हे त्यांच्याबरोबर उभे राहूनच ठरवले, आणि ते बसवल्यावर पुन्हा मोजणी केली. गळतीचे सूत्र पुस्तकात आहे. कॉक कोणी आणि का उघडा ठेवला, हे समजायला मात्र त्या माणसाचा विश्वास कमवावा लागला, आणि त्यात तीन आठवडे गेले. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मला निरुपयोगी वाटते, ते यासाठी.

पैशांचाही विषय आहे. 12 डिसेंबर 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा गोवामुक्तीच्या जेमतेम आठवडाभर आधीचा. 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंते त्याच्या कक्षेत आले, आणि त्यांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलते. ती सोय मुख्यतः पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी आहे. शिकत असलेल्या मुलाला सत्तरीतून किंवा पेडण्यातून भर पावसात रोज दोन बस बदलून यायचे असेल, तर निदान प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण कंपनीने द्यावे, असा माझा आमच्या व्यवस्थापनाकडे आग्रह असतो. सुरक्षा बूटही आम्हीच द्यायला हवेत.

महाविद्यालयांकडून माझी अपेक्षा फार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे फर्मागुढी आणि कुंडई, बेतोडा, मडकई या औद्योगिक वसाहती ही सगळी ठिकाणे एकाच फोंडा तालुक्यात आहेत. दोन महिन्यांत एका शिक्षकाने तीनदा येऊन, केबिनमध्ये चहा न घेता, यंत्राजवळ उभे राहून विद्यार्थ्याचे काम पाहणे अवघड नाही. वीस-पंचवीस माणसांच्या छोट्या कारखान्यांना तर या भेटींची जास्त गरज आहे, कारण तिथे मार्गदर्शनासाठी वेगळा अभियंता नसतो. प्रश्न मात्र आमच्याहून जास्त असतात.

यंदा मी पत्रांची वाट पाहिली नाही. एप्रिलमध्येच एका पानावर तीन प्रश्न, प्रत्येकासाठी आमच्याकडचा एक जबाबदार माणूस आणि त्याचा रोजचा मोकळा अर्धा तास, असे लिहून दोन महाविद्यालयांना पाठवले आहे. त्यातला दुसरा प्रश्न, दुपारच्या पाळीत चिलरच्या, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, पाण्याचे तापमान का चढते हा, आम्ही तीन वर्षे सोडवू शकलेलो नाही, आणि जूनमध्ये येणाऱ्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगणार आहे.